बुद्रुकची आत्या

कृष्णेच्या काठी वेलवडे नावाच्या गावात एक पानमळेवाला राहत होता. त्याचं नाव आकाराम आणि त्याच्या बायकोचं नाव मालन. दोघांकडे मिळून एक पानमळा होता, एक टेंपो होता आणि एक फोन होता. मळा दोघांचा होता, टेंपो आकारामचा होता आणि फोन कुणाचा हे अजून ठरायचं होतं.

आकारामला फोन लागायचा वाटेसाठी. खुडलेली पानं करंड्यांत भरून तो लांबलांबच्या बाजारांना न्यायचा. नवखा रस्ता आला की फोनमधला जीपीएस लावायचा. मग आतली बाई बोलायला लागायची, सरळ जा, पुढे उजवीकडे वळा. आकाराम तिचं सगळं मुकाट्याने ऐकायचा. मालन एकदा टेंपोत शेजारी बसून गेली होती, तेव्हा तिने हे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "एवढी वर्सं झाली लग्नाला, माझं एक ऐकत न्हाईसा. तिचं बरं ऐकताय!"

मालनला फोन लागायचा आईसाठी. तिची आई पार सोलापूरच्या पलीकडे राहायची. गुडघे धरल्यामुळे म्हातारीला घरातून अंगणात यायचं म्हटलं तरी दोघांचा आधार लागायचा. वेलवड्याला येणं तिच्या नशिबात उरलं नव्हतं. गल्लीत वायफाय आलं, तेव्हा मालनने पहिल्यांदा आपल्या घरी घेतलं. रोज सकाळी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि भाकऱ्या थापत आईशी बोलायची. तिकडून आई सांगायची, "त्या कडंनं करपतीया बघ." इतक्या लांबून लेकीची भाकरी उलटायला लावणारी आई सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

असं सगळं ठीक चाललेलं असताना त्यांच्या घरी मुलगी झाली. लग्नाला खूप वर्षं झाली होती. विचारणारे विचारून दमले होते, आणि या दोघांनीही मनातल्या मनात तो विषय बंद केला होता. त्यामुळे मुलगी झाल्यावर आकाराम इतका आनंदला, की भान हरपून बसला. त्या भरात तो फोन कानाला लावून मळ्यात शिरला आणि कुणाला तरी मुलीचं नाक कसं आहे हे सांगायला लागला. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, असा आपल्याकडे जुना नियम आहे. फोन घेऊन जायचं नाही, असा नियम अजून कुणी केलेला नाही. करायला हवा होता. नाकाचं वर्णन रंगात आलं असताना हात हलला आणि फोन पाटाच्या पाण्यात पडला.

तालुक्याच्या गावी एक दुरुस्तीवाला होता. त्याने फोन उघडला, वाळवला, जोडला आणि म्हणाला, "जीव वाचलाय, पण अंगात ताकद राहिली नाही. जीपीएस आणि वायफाय दोन्ही एकदम लावलं की तापणार आणि बंद पडणार. दोन्हीतलं एक काय ते ठरवा. सारखी अदलाबदल करू नका."

नवा फोन घ्यावा, तर बारसं होईपर्यंत दुसरा कुठलाही खर्च नको, असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी घरात सभा भरली. सभेला माणसं दोनच होती, पण आवाज पुष्कळ होता.

आकाराम म्हणाला, "वाट चुकलो तर पानं सुकत्यात. पान सुकलं की त्याला कुणी हात लावत न्हाई."

मालन म्हणाली, "वाट माणसाला इचारता येतीया. माझ्या आईला नातीचं तोंड कुणाला इचारायचं?"

आकाराम मनाचा मऊ होता आणि मालनला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने जीपीएस बंद केला, वायफाय चालू ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून चौकाचौकात टेंपो थांबवून वाट विचारू लागला. फोन मात्र पाळण्याशेजारी राहिला. तिकडे आजी दिवसभर नातीला बघायची, तिच्याशी बोबडं बोलायची आणि मधूनच ओरडायची, "अगं, तिच्या नाकावर माशी बसलीया!"

इथेच गोष्ट संपली असती, पण बारसं जवळ आलं.

बारशाला बाकी कुणी येवो न येवो, आत्या लागतेच. मुलीच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. आणि या मुलीची आत्या म्हणजे आकारामची थोरली बहीण अनसाबाई. आकाराम तिला आक्का म्हणायचा. आई लवकर गेली तेव्हा आकाराम रांगत होता. या आक्कानेच त्याला कडेवर वाढवलं. त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं आणि शाळेतून पळून आला तेव्हा कान धरून परतही नेलं. तिचं लग्न होऊन ती सासरी निघाली, तेव्हा आकाराम तिच्या बैलगाडीमागे शिवेपर्यंत रडत धावला होता. गावातली म्हातारी माणसं अजून त्यावरून त्याला चिडवायची.

अशी ही आक्का. तिच्याशी आकारामचं फोनवर सतत बोलणं असायचं. आज काय भाजी केलीस, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का, असं सगळं. इतकं बोलणं व्हायचं, की आपण कित्येक वर्षांत तिच्या घरी गेलेलो नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मेहुणे वारले, त्यानंतर आक्काने सासरचं मोठं घर सोडलं आणि आपल्या वाट्याच्या रानात, दुधगिऱ्याला, लहानसं घर बांधलं. ते घर आकारामने पाहिलंच नव्हतं. बघू, जाऊ, खुडणी झाली की निघू, असं चाललं होतं. पानमळ्यात खुडणी कधी संपते का?

तर बारसं ठरल्यावर आकारामने पाळण्याशेजारचा फोन उचलला आणि आक्काला व्हिडिओवर फोन लावला. मालन त्याच्या खांद्यावरून बघत होती. फोनच्या काचेवर आक्काचे डोळे, नाक आणि हसू दिसलं.

"आक्का, बारसं ठरलं. नाव तुला ठेवायचंय."

आक्काचे डोळे चमकले. मग ती म्हणाली, "ठेवते की. पर मी तिथं यायची काय गरज हाय? ह्या फोनवरनंच कुर्र करते. तुम्ही पोरीच्या कानाला फोन लावा. चालतंय."

आकारामला हे फार सोयीचं वाटलं. ऐन खुडणीचे दिवस होते. आक्काची दगदग वाचली आणि आपलाही खाडा वाचला, असा हिशेब त्याने केला. "बेस झालं," म्हणून त्याने फोन ठेवला.

मालन मात्र गप्प झाली. मालन गप्प झाली की आकारामला भीती वाटायची. "काय झालं?" त्याने विचारलं.

"वन्संनी कपाळ दावलं न्हाई."

"म्हंजे?"

"फोन असा धरला हुता, की डोळ्याच्या वरचं काय दिसू ने. तुम्हाला दिसलं न्हाई. मला दिसलं."

आता आकारामच्या ध्यानात आलं. मेहुणे गेल्यापासून आक्काने कुंकू लावायचं सोडलं होतं. लग्नात, बारशात, ओटी भरताना ती आपणहून मागे, दाराशी उभी राहायची. तिला मागे हो असं कुणी म्हटलं नव्हतं, पण पुढे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. फोनवरून कुर्र करते म्हणाली, ती दगदगीला भिऊन नव्हे. आपलं मोकळं कपाळ कुणाला पाळण्यासमोर दिसायला नको, म्हणून म्हणाली. आणि तिचा लाडका भाऊ बेस झालं म्हणून मोकळा झाला होता.

"फोनवर बोलावलं की त्या फोनवरनंच येणार," मालन म्हणाली. "तुम्ही मुराळी जावा. त्या वायफायला आता ऱ्हाऊ द्या बाजूला. तुमच्या त्या बाईला उठवा."

मुराळी हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही, म्हणून सांगतो. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला माहेरचं जे माणूस जातं, ते मुराळी. पूर्वी बाई आपल्या मनाने माहेरी निघत नसे. ती मुराळ्याची वाट बघायची. मुराळी दारात आला, की तिला कळायचं की आपण तिकडे हव्या आहोत. नुसतं बोलावणं आणि न्यायला येणं यांत हा फरक आहे.

गंमत बघा, काही दिवसांपूर्वी जीपीएससाठी भांडणारा आकाराम मघाशी वायफायवरच्या बारशाला बेस झालं म्हणाला होता. आणि वायफायसाठी हटून बसलेली मालन आता म्हणत होती, जीपीएस लावा आणि निघा. नवरा-बायकोच्या भांडणात बाजू अशीच बदलते. शेवटी मालनने आपल्या आईला फोनवर सांगितलं, "आई, उद्याच्या दिवस नात दिसायची न्हाई. ह्यांस्नी वन्संकडं पाठवतीया." म्हातारी तिकडून म्हणाली, "अगं, मग फोनवर बोलत काय बसलीयास? पाठव की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामने टेंपो धुतला. आक्काला आवडतात म्हणून कोवळी पानं निवडून घेतली. मालनने शिदोरी बांधून दिली. मग त्याने जीपीएस चालू केला आणि दुधगिरे असं टाकलं. फोनने दोन नावं दाखवली. एक दुधगिरे खुर्द, एक दुधगिरे बुद्रुक. आकाराम थबकला.

आपल्याकडे गावांनाही भावंडं असतात. एकाच नावाची दोन गावं असली, की थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. परक्या माणसाला हा घोटाळा वाटतो, पण आपल्याला त्याची सवय आहे. आक्काचं गाव यांतलं कुठलं? तिने सांगितलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा. ती फोनवर घराच्या खाणाखुणा सांगायची आणि आकाराम पानं खुडता खुडता "व्हय, व्हय" म्हणायचा. आता त्याला ते "व्हय, व्हय" तेवढं आठवत होतं. मालनला विचारावं, तर ती काय म्हणेल हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने जे नाव वर होतं त्यावर बोट ठेवलं आणि टेंपो सोडला.

फोनमधल्या बाईने आपलं काम चोख केलं. पूल, फाटा, चढ, उतार, सगळं बरोबर सांगितलं. शेवटी ती म्हणाली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात. आकारामने मान वर करून बघितलं. समोर पाण्याची टाकी होती. टाकीखाली एक म्हातारी बाई घागर भरत होती आणि एक कुत्रं झोपलं होतं.

"अनसाबाईंचं घर कुठलं?" आकारामने विचारलं.

"कुठल्या अनसाबाई? आमच्यात कोण अनसाबाई न्हाई बा. तुम्ही कोण त्यांचं?"

"भाऊ."

म्हातारीने घागर खाली ठेवली. "सख्खा?"

"सख्खा."

"आन घर म्हायीत न्हाई?"

आकारामने मान खाली घातली. आक्काला फोन करावा म्हणून त्याने खिशात हात घातला, आणि हात तिथेच राहिला. फोन करून विचारायचं काय? आक्का, तू राहतेस कुठं? ज्या बाईने आपल्याला घराची वाट ओळखायला शिकवलं, तिला हे कसं विचारायचं? वाट विचारायची त्याला आता चांगली सवय झाली होती, पण ही वाट विचारताना त्याची जीभ उचलेना. इतका ओशाळा तो शाळेत छड्या खातानासुद्धा झाला नव्हता.

म्हातारीला त्याची दया आली. "पाव्हणं, भन थोरली का धाकली?" तिने विचारलं.

"थोरली."

"मग थोरल्या गावात बघा की! थोरल्या भनीला धाकल्या गावात हुडकताय व्हय? वड्याच्या पलीकडं बुद्रुक हाय. पुलावरनं जावा." एवढं बोलून ती आपल्याच विनोदावर इतकी हसली, की घागर पुन्हा उचलायला तिला वेळ लागला.

आकाराम बुद्रुकला आला. तिथे वेशीत विचारताच एकाने हात करून दाखवलं, ओढ्याच्या कडेने जा, पत्र्याचं घर दिसेल. रानातल्या त्या वाटेचं फोनला काही ठाऊक नव्हतं. ती फोनमधली बाई पुन्हापुन्हा माघारी वळायला सांगत होती. आकारामने पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही.

आक्का दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. टेंपोचा आवाज ऐकून तिने मान वर केली. भाऊ उतरताना दिसला, तशी ती घाबरीच झाली आणि म्हणाली, "काय रं, फोन बंद पडला व्हय?"

हा प्रश्न आकारामच्या काळजात घुसला. फोन बंद पडल्याशिवाय आपला भाऊ दारात येणार नाही, असं आक्का धरूनच चालली होती. त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "फोन चांगला हाय. मुराळी आलोय."

आक्काचे हात थांबले. मग तिने मान खाली घातली आणि सूप पुन्हा हलवायला लागली. ज्वारीत खडा नव्हता, फोलपटही नव्हतं, तरी ती पाखडत राहिली. खालच्या मानेनेच म्हणाली, "माझ्यासारखीचं पाळण्याम्होरं काय काम, बाळा? सवाष्णी येतील. कुणाच्या मनात काय यील. फोनवर बरं हुतं. आवाजाला काय कपाळ नसतंय."

आकाराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आक्का, मला बोलायला तू शिकवलंस. मी पयला शब्द कुठला बोललो?"

"आक्का म्हनालास," ती हळूच म्हणाली. "बा म्हनाला न्हाईस म्हनून बापूंना किती दिवस राग हुता."

"मग माझ्या पोरीच्या कानात पयला शब्द कुणी बोलायचा?"

आक्का जागची हलली नाही. लहानपणापासून हट्ट धरावा तर तिनेच. आकारामला वाटलं, आता ही काही येत नाही. तो रडवेला झाला, आणि रडवेलं झालेलं माणूस खरं बोलतं. तो म्हणाला, "मी आधी खुर्दला गेलो हुतो, आक्का. टाकीपाशी. तिथं एक म्हातारी मला लई हसली."

"खुर्दला?" आक्काने मान वर केली. "खुर्दला कशाला गेलास?"

"मला ठावं नव्हतं, तू कुठं ऱ्हातीस."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग सूप हललं आणि ज्वारी अंगणभर उडाली. "अरं मुडद्या," ती म्हणाली, "कवाधरनं सांगतीया, बुद्रुक, बुद्रुक! व्हय व्हय म्हनत हुतास न्हवं? मग व्हय व्हय कुणाला म्हनत हुतास, वेलीला?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यातलं हसण्याचं किती आणि बाकीचं किती, ते तिचं तिला ठाऊक. आकारामही हसायला लागला. दोघं भावंडं अंगणात बसून म्हाताऱ्या टिटव्यांसारखी ओरडून हसली.

मग आक्काने पदराने डोळे पुसले आणि उठली. "थांब, लुगडं बदलते," ती म्हणाली. "तुला एकट्याला सोडून भागायचं न्हाई. घरी पोचवाय तरी आलं पायजे."

परतीच्या वाटेवर आक्का टेंपोत पुढे बसली. ती प्रत्येक वळण आधीच सांगत होती, हा वड आला, ही शाळा आली, हितनं डावीकडं. फोनमधली बाईही सांगत होती. थोड्या वेळाने आक्काने विचारलं, "ही कोन मधीमधी बोलतीया?" आकारामने फोन बंद करून खिशात टाकला. आक्का असताना दुसऱ्या कुणाचं ऐकायची त्याला लहानपणापासूनच सवय नव्हती.

बारशाच्या सकाळी मालनने फोन मागून घेतला, जीपीएस बंद केला आणि पुन्हा वायफाय लावलं. दुरुस्तीवाल्याने सारखी अदलाबदल करू नका म्हणून बजावलं होतं, पण बारसं काही रोज येत नाही. तिने फोन कोनाड्यात असा उभा केला, की पाळणा नीट दिसावा. त्यात म्हातारी आई नवं लुगडं नेसून, केस चापूनचोपून बसलेली दिसली.

गल्लीतल्या बायका जमल्या. पाळणा सजला. हळदीकुंकू झालं, आणि आक्का नेहमीप्रमाणे मागे, दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. मालनने मुलीला उचललं, थेट चौकटीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत मुलगी आक्काच्या हातात दिली. "चला वन्सं," ती म्हणाली. बायकांनी वाट दिली.

आक्का पाळण्यापाशी आली. तिने मुलीला पाळण्यात ठेवलं. ती वाकली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि तिने नाव सांगितलं. "रेवा," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, "कुर्रर्रर्र!"

आता तुम्हाला माहीत आहे, आत्याने कुर्र केलं, की भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ती बारशातली खरी मौज. पण या वेळी कुणाचाच हात उठेना. सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दुःख पाहिलेल्या बाईची थट्टा कशी करायची, एवढंच त्यांना कळत नव्हतं. गेली कित्येक वर्षं आक्काची अशी कुणी थट्टाच केली नव्हती. सगळे तिच्याशी जपून, हळू आवाजात बोलायचे, आणि जपून जपूनच त्यांनी तिला परकी करून टाकलं होतं. आक्का तशीच वाकून उभी राहिली. पाठीवर काहीच येत नाही हे तिला कळलं. ती हळूच सरळ व्हायला लागली.

एवढ्यात कोनाड्यातून आवाज आला. "अगं बायांनो, हात मोडलं का काय तुमचं?" मालनची आई फोनमधून ओरडत होती. "मी तिथं असते तर असा घातला असता! माझा हात पोचत न्हाई गं! माझ्या वाटचा कुणीतरी घाला की!"

मालन पुढे झाली. "हा आईचा!" असं म्हणून तिने आक्काच्या पाठीत असा दणदणीत धपाटा घातला, की पाळण्याची दोरी हलली.

"अगं बया!" आक्का ओरडली. "नाव ठिवायला आणलंय का मारायला?"

मग काय विचारता! सगळ्या बायका एकदम तुटून पडल्या. धपाट्यांचा पाऊस पडला. आक्का वाकून, हसून, दोन्ही हातांनी पाळणा धरून मार खात होती आणि म्हणत होती, "घाला गं, घाला! लई दिवस झालं कुणी हात लावून!"

हे ऐकून सगळ्या एकदम थांबल्या. मग त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने आक्काला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. दाराबाहेर उभा असलेला आकाराम तोंड फिरवून टेंपो पुसायला लागला. टेंपो स्वच्छच होता.

तात्पर्य: ज्यांना येता येत नाही, त्यांना फोनवर आपलं तोंड जरूर दाखवावं; पण जी माणसं आपण न्यायला येऊ म्हणून वाट बघत असतात, त्यांच्या दारात उठून स्वतःच जावं. यातलं कोण कुठलं, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते आपल्यालाच ओळखावं लागतं.